पॅच सुटे ठेव, मूळ सोर्सला हात लावू नकोस

शनिवारी ऐरोलीला येशील तेव्हा लॅपटॉप आण, पण त्याआधी एक काम कर. आपल्या डेबियन (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) पॅकेजमध्ये मूळ सोर्समधल्या, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या कोडमधल्या, फायली थेट बदलून तू कमिट केल्या (गिटमध्ये नोंदवल्या) आहेस, ते मागे घे. डेबियनच्या ‘३.० क्विल्ट’ फॉरमॅटमध्ये आपले बदल, म्हणजे पॅच, डेबियन/पॅचेस या फोल्डरात सुट्या फायली म्हणून राहतात आणि ‘सीरीज’ फायलीतल्या क्रमाने लागतात. क्रम बिघडला की पुढचा पॅच बसेलच असं नाही.

नुसतं क्विल्ट (पॅच सांभाळायचं टूल) वापरलं तरी चालतं, पण तुला गिटची सवय आहे, मग जीबीपी पीक्यू, म्हणजे पॅच गिटमधून हाताळायची कमांड, तीच बरी. इम्पोर्ट केलंस की प्रत्येक पॅचचा एकेक कमिट होऊन वेगळी ब्रांच (गिटमधली स्वतंत्र शाखा) तयार होते. तिथे बिनधास्त कमिट जोड, तोड, मागेपुढे कर. मग एक्स्पोर्ट, म्हणजे ते कमिट परत पॅच फायली होतात. ती ब्रांच पुश मात्र करायची (सर्व्हरवर पाठवायची) नाही, ती कच्ची वही आहे. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आणण्याआधी इम्पोर्ट, आणल्यावर रिबेस (पॅच नव्या आवृत्तीवर पुन्हा बसवणं), शेवटी एक्स्पोर्ट. त्यांनी आपला पॅच जसाच्या तसा घेतला असेल तर तो रिबेसमध्ये सहसा आपोआप गळतो.

आता हेडर, म्हणजे पॅच फायलीच्या वर लिहायची माहिती. इथे सगळेच आळस करतात. नुसतं ‘बिल्ड फिक्स’ लिहिलंस तर दोन वर्षांनी तो पॅच काढायची कुणाची छाती होणार नाही. कुठल्या कंपायलरवर कुठली एरर आली ते डिस्क्रिप्शनमध्ये लिही. ‘फॉरवर्डेड’समोर मूळ प्रकल्पाकडे पाठवल्याची लिंक दे, बदल फक्त डेबियनपुरता असेल तर ‘नॉट-नीडेड’.