एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल पेअर झालं, पण डेटा येत नाही?

पेअरिंग झालं म्हणजे जोडणी झाली असं समजू नकोस. विंडोजमध्ये एचसी-०५ पेअर केलंस (पिन बहुधा १२३४, नाहीतर ००००) की ब्लूटूथच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये कॉम पोर्टची (ज्यातून ॲप मॉड्यूलशी बोलतं त्या सिरीयल पोर्टची) यादी उघड. आउटगोइंग आणि इनकमिंग असे दोन पोर्ट दिसले, तर तुझ्या कॉम्प्युटरवरच्या ॲपला आउटगोइंगच (कॉम्प्युटरकडून जोडणी सुरू करणारा) दे. मी सुरुवातीला इनकमिंग उघडून अख्खी संध्याकाळ घालवली होती. एरर नाही, डेटा नाही, नुसती वाट बघायची.

खरी जोडणी ॲपने पोर्ट उघडल्यावर होते. मॉड्यूलचा भराभर लुकलुकणारा दिवा सावकाश, थांबून थांबून चमकू लागला की जुळलं. याला काही सेकंद लागू शकतात, म्हणून पोर्ट उघडायचं काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामावर) टाक, नाहीतर ॲपची खिडकी गोठते. आणि पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेला नाही ना, तेही बघ.

अक्षरं वेडीवाकडी आली तर आर्डुइनो (मॉड्यूल जोडलेला कंट्रोलर बोर्ड) आणि मॉड्यूल यांचा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, जुळव. सहसा ९६०० असतो.

मॉड्यूलच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनला ३.३ व्होल्टच चालतात. आर्डुइनो ऊनोचे ५ व्होल्ट थेट देऊ नकोस, मध्ये १ के आणि २ के (किलो-ओहम) रेझिस्टरचा व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लाव.

एचसी-०५ ऐवजी एचएम-१० हे ब्लूटूथ मॉड्यूल घेतलं असशील तर गोष्ट वेगळी. ते बीएलई (कमी वीज खाणारं, वेगळ्या प्रकारचं ब्लूटूथ) आहे, त्याचा कॉम पोर्ट तयारच होत नाही.