टॉम आणि जेरी ही पात्रे नेमकी कशाचे प्रतीक आहेत आणि ती जगभर का आवडतात?

या प्रश्नाला बहुधा 'दुबळ्याने बलवानावर केलेली मात' असे उत्तर दिले जाते. जेरीपुरते ते बरोबर आहे, परंतु मला या जोडीचा जीव टॉममध्ये आहे असे वाटते. या पात्रांचे निर्माते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचा या जोडीवरचा १९४० सालचा पहिलाच लघुपट पाहावा. त्यात टॉमचे नाव अजून जास्पर आहे आणि घरातली मोलकरीण त्याला बजावते, की आणखी एक जरी वस्तू फोडलीस तर तुला घराबाहेर काढीन. उंदराच्या हे लक्षात येते, तो काचेचा पेला उचलून टेबलाच्या कडेशी धरतो आणि अंगावर धावून आलेला बोका जागच्या जागी थिजतो. नखे, दात, ताकद सारे शाबूत असते, पण डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असल्यामुळे त्यातले काहीही कामी येत नाही. ज्याने कधी नोकरी केली आहे किंवा भाड्याच्या खोलीत दिवस काढले आहेत, त्याला टॉमची ही अवस्था कोणत्याही देशात चटकन समजते.

भाषेची अडचण तर जवळपास येतच नाही. संवाद अगदी थोडे असतात आणि स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत पावलापावलाशी इतके जुळलेले असते, की चोरपावले, धडक आणि वेदना कानांनाच कळतात. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅना यांच्या आवाजातली आहे. १९४७ सालच्या ऑस्करविजेत्या लघुपटात टॉम पियानोवर फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवत असतो आणि पियानोच्या आत झोपलेला जेरी तारांवर पडणाऱ्या हातोड्यांच्या दणक्याने जागा होतो. पुढची सारी लढाई वादनात खंड न पडता चालते.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगायला हवी: त्या कृष्णवर्णीय मोलकरणीचे चित्रण तत्कालीन अमेरिकेतल्या वंशभेदी साच्यातून आलेले आहे व त्यावरची टीका रास्त आहे.

या दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य खऱ्या अर्थाने उलगडते ते १९४३ सालच्या एका लघुपटात. जेरी कारस्थान करून टॉमला घराबाहेर काढायला लावतो आणि आनंदाने घरभर बागडतो. पण थोड्याच वेळात त्याला रिकामे घर खायला उठते आणि तो स्वतःहून टॉमकडे जाऊन त्याला परत आणण्याचा बेत आखतो.