‘कन्सर्न’ म्हणजे चिंता नव्हे, व्यवधान

प्रोग्रॅमिंगमधील ‘सेपरेशन ऑफ कन्सर्न्स’ (प्रोग्रॅमची वेगवेगळी अंगे वेगळी ठेवून हाताळणे) याला ‘चिंतांचे विभाजन’ म्हणावे का, आणि ‘ॲस्पेक्ट’ला (प्रोग्रॅमभर विखुरलेले एखादे काम एकत्र मांडणाऱ्या भागाला) ‘पैलू’ चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘चिंता’ मुळीच चालणार नाही. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९७४ साली हा शब्दप्रयोग केला तो एका वेळी एकाच अंगाकडे लक्ष देण्याविषयी; काळजीचा तेथे संबंधच नाही, तरीही प्रशिक्षणवर्गांच्या टिपणांत ही ‘चिंता’ मला वारंवार भेटते.

काही जाणकार ‘बाब’ सुचवतात. तेही मला मान्य नाही, कारण बाब जागच्या जागी राहते. मराठीत ‘व्यवधान’ हा नेमका शब्द तयार आहे. ‘तिच्यामागे घरची फार व्यवधाने आहेत’ असे आपण म्हणतो तेव्हा सतत लक्ष मागणारी कामे अभिप्रेत असतात. वि, अव आणि धा यांपासून बनलेल्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘मध्ये येणे’ असा आहे. ‘रामेण’ या रूपात ‘र’नंतर आ, म, ए यांचे व्यवधान असूनही ‘न’चा ‘ण’ होतो, असे व्याकरण शिकवते ते याच अर्थाने.

आता बँकेच्या प्रणालीतील पैसे वळते करणारी मेथड, म्हणजे एक काम करणारा कोडचा नाव दिलेला तुकडा, पाहा. खरे काम दोन ओळींचे: एका खात्यातून वजा, दुसऱ्यात जमा. पण त्याआधी परवानगीची तपासणी येते, नंतर लॉगमधील, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीतील, नोंद येते, आणि हेच तुकडे ठेवी, कर्जे, व्याज अशा प्रत्येक ठिकाणी पुन्हा येतात. ही कामे लक्षही मागतात आणि मूळ कामाच्या मध्येही येतात. दोन्ही अर्थ सामावणारा दुसरा शब्द कोणी दाखवावा.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ग्रेगर किक्झालेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या ‘ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ या पद्धतीचा, आणि पुढे त्यातून आलेल्या ॲस्पेक्टजे या जावा भाषेच्या विस्ताराचा, रोख याच व्यवधानांवर आहे. त्यातील ‘पॉइंटकट’ ही कोडला विचारलेली पृच्छाच असते: ‘कॉल(* अकाउंट.सेट*(..))’ लिहिले की ‘सेट’ने सुरू होणाऱ्या अकाउंटच्या प्रत्येक मेथडला जेथे जेथे हाक मारली आहे, त्या सगळ्या जागा सापडतात. ‘डिक्लेअर वॉर्निंग’ वापरले, तर प्रोग्रॅमच्या वागण्यात काहीही बदल न होता कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणारा प्रोग्रॅम) त्या जागा इशाऱ्यांच्या रूपाने दाखवतो. ‘कन्सर्न’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही ‘चाळणे’ असाच आहे, आणि पॉइंटकट ही खरोखर चाळणीच आहे.

‘पैलू’ खुशाल वापरावा.