किनाऱ्यावरच्या शहराची नगरसभा कोणत्या प्रश्नाला कर्मचाऱ्यांचा वेळ द्यायचा, हे कसे ठरवते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका शहरात आपल्या गल्लीतील गटार भरतीच्या वेळी उलटे वाहते, नगरसेवकाने सभेत हा विषय दोनदा मांडला, सर्वांनी माना डोलावल्या, तरीही कार्यालयातून कोणी फिरकले नाही; तेव्हा कोणत्या कामाला माणसे लावायची, हे नगरसभा ठरवते तरी कशी?

मी बेळगाव जिल्ह्यातला. नगरपालिका सेवेत घाटावर आणि घाटाखाली अशा दोन्हीकडे कारकुनी केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, हा निर्णय सहसा सभागृहात होत नाही. विषयपत्रिका छापली जाईपर्यंत कर्मचाऱ्यांचा बहुतेक वेळ आधीच वाटला गेलेला असतो आणि सभेच्या हातात उरलेला तुकडा फार लहान असतो.

पहिली वाटणी कायदा करतो. बेळगाव ही महापालिका असल्यामुळे तिला १९७६ चा महापालिका कायदा लागू होतो, तर कारवार, निपाणी, गोकाक येथील नगरसभा १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली चालतात. दोन्ही कायद्यांनी कामांचे दोन गट पाडले आहेत: बंधनकारक आणि ऐच्छिक. रस्त्यांची झाडलोट, दिवाबत्ती, गटारे, जन्म-मृत्यू नोंदणी ही बंधनकारक कामे; बागा, वाचनालये वगैरे ऐच्छिक. आपले गटार बंधनकारक गटात मोडते, ही आपली जमेची बाजू. परंतु बंधनकारक कामांतही ज्या कामाला मुदत लागलेली असते, ते नेहमी पुढे जाते. कर्नाटकात २०१२ पासून ‘सकाल’ व्यवस्था आहे. तिच्यात दाखले, परवाने, खाते बदल (मिळकतीच्या नोंदीवरील नाव बदलणे) अशा सेवांना दिवस ठरवून दिलेले आहेत आणि उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, संबंधित कर्मचाऱ्याच्या खिशातून जातात. रक्कम मोठी नाही. पण थकीत अर्जांची यादी वरिष्ठांच्या पडद्यावर दिसते, आणि पाचशे रुपयांपेक्षा त्या यादीचीच धास्ती अधिक असते. गटाराच्या तक्रारीमागे असे घड्याळ फारसे टिकटिकत नाही.

त्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आलेली कामे चढतात. मतदारयाद्या, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, मिळकतींच्या संगणकीय नोंदीची म्हणजे ई-खात्याची मोहीम, एप्रिलमध्ये घरपट्टी भरणाऱ्यांसाठी असलेली ५ टक्के सवलत आणि तिच्यामुळे महसूल विभागात उसळणारी गर्दी. ज्या कार्यालयात अनेक मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी असतात, तिथे एक केस वर्कर (फाइली हाताळणारा कारकून) निवडणुकीच्या कामाला गेला की त्याच्या टेबलावरचे सगळे विषय आपोआप पुढच्या महिन्यात जातात. याला कोणी निर्णय म्हणत नाही, पण परिणाम निर्णयासारखाच होतो.

सभेचा वाटा किती लहान आहे, हे पाहायचे असेल तर बेळगावचेच उदाहरण घ्या. महापालिकेतील सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली, ५८ प्रभागांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडीला फेब्रुवारी २०२३ उजाडला. जवळजवळ चार वर्षे सभागृह असे नव्हतेच. तरीही कचरा उचलला जात होता, दाखले मिळत होते, टेंडरे निघत होती. लोकशाहीच्या दृष्टीने ती चार वर्षे वाईटच, यात मला शंका नाही. परंतु वेळेची वाटणी प्रत्यक्षात आयुक्त, विभागप्रमुख आणि वरून येणारी परिपत्रके करतात, हे त्या काळात उघडे पडले.

सभागृहाची खरी ताकद अंदाजपत्रकात आहे. ठरावाला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाचे सदर, जोडलेले नसेल, तर तो इतिवृत्तात पडून राहतो. त्या पैशांतही बराचसा भाग आधीच बांधलेला असतो: वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव, स्थानिक निधीतील २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बलांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. हे राखीव भाग योग्यच आहेत. माझा मुद्दा एवढाच की, पगार, वीजबिल आणि हे सगळे वजा केल्यावर ज्या रकमेवर नगरसेवक खऱ्या अर्थाने वाद घालू शकतात, ती पाहून नवखा सदस्य थक्क होतो.

किनाऱ्यावरच्या शहरात आणखी एक चाळणी लागते, जी निपाणी-गोकाकात लागत नाही: विषय कोणाचा? समुद्र दिसतो म्हणून सगळे नगरसभेकडे येतात. पण बंदर राज्याच्या बंदर खात्याचे, महामार्ग केंद्राचा, आणि भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात बांधकाम करायचे तर किनारा नियमन क्षेत्राची म्हणजे सीआरझेडची परवानगी. ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवार-सदाशिवगड दरम्यानचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. अशा घटनेचा त्रास शहराला होतो, चर्चा शहरात होते. पण पूल राष्ट्रीय महामार्गाचा असल्यामुळे नगरसभा पत्र लिहिण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. ज्या विषयावर अखेर ‘संबंधित खात्यास कळवावे’ एवढाच शेरा पडणार आहे, त्यावर कोणताही पौरायुक्त (नगरसभेचा मुख्य अधिकारी) कनिष्ठ अभियंत्याचा दिवस खर्ची घालत नाही, आणि माझ्या मते त्यात तो चुकत नाही.

आता आपल्या गटाराकडे येतो, कारण ते या चाळणीच्या बरोबर मध्ये अडकले आहे. तक्रार आली की आवक क्रमांक पडतो आणि कागद आरोग्य किंवा बांधकाम विभागाकडे जातो. तिथे कोणीतरी टिपणी लिहितो. साऱ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. टिपणीत ‘गटार तुंबले आहे’ असे लिहिले गेले, तर मुकादम दोन पौरकार्मिक (सफाई कामगार) पाठवतो, गाळ निघतो, फाइल बंद होते. कामगार सकाळी जातात, तेव्हा ओहोटी असली तर पाणी नीट वाहत असते आणि ‘तक्रार निकाली’ हा शेरा खोटाही नसतो. परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, आपल्या किनाऱ्यावर साधारण भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास, खाडीचे पाणी गटाराच्या तोंडातून आत शिरते आणि गल्लीत खारे पाणी साचते. हा सफाईचा प्रश्न नाही, उताराचा आणि मुखाशी झडप नसण्याचा आहे. त्यासाठी कनिष्ठ अभियंत्याने भरतीच्या वेळी जागेवर उभे राहून पातळी घ्यायला हवी, खर्चाचा अंदाज तयार करायला हवा, आणि गटाराचे मुख खाडीत असेल तर सीआरझेडचाही विचार करायला हवा. म्हणजे दोन मजुरांच्या अर्ध्या दिवसाच्या जागी एका अभियंत्याचे कित्येक दिवस. टिपणी लिहिणाऱ्याने यांपैकी कोणता शब्द वापरला, तिथेच आपल्या विषयाला किती वेळ मिळणार हे ठरले. सभेतील मान डोलावणे त्यानंतरचे.

म्हणून नगरसेवकाला पुन्हा सभेत बोलायला लावण्यापेक्षा अर्ज नव्याने द्यावा, असे मी सुचवेन. त्यात ‘तुंबले’ हा शब्द टाळावा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या घरासमोर किती पाणी आले हे लिहून फोटो जोडावेत, आणि पुढच्या अमावास्येच्या भरतीला स्थळपाहणी व्हावी अशी नेमकी मागणी करावी. अर्ज कन्नडमध्ये द्यावा, हवी तर मराठी प्रत सोबत जोडावी. आम्हा बेळगावकरांना हे सांगणे जड जाते, कारण सभेचे कागद मराठीत मिळावेत यासाठी येथील मराठी नगरसेवक आजही झगडतात आणि ती मागणी मला रास्त वाटते. परंतु केस वर्करला टिपणी कन्नडमध्येच लिहायची असते, आणि ज्या अर्जाचा आधी अनुवाद करावा लागतो तो ढिगात खाली सरकतो.

नगरसेवकाकडे मात्र वेगळी मागणी करावी. ठराव नको, अंदाजपत्रकात त्या गटाराच्या नावाने तरतूद हवी. आपल्या सीमाभागातील लोकांना ठरावांचे भारी प्रेम आहे. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने सीमाप्रश्नी ठराव केला आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली, हे सर्वांना आठवत असेल. गटाराच्या ठरावावर कोणी बरखास्तीची कुऱ्हाड चालवणार नाही, पण पैशाशिवाय त्याचा उपयोगही होणार नाही. अंदाजपत्रकाची तयारी डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते, तेव्हा नगरसेवकाच्या हातात अभियंत्याचा खर्चाचा अंदाज असला पाहिजे. याचा अर्थ स्थळपाहणी दिवाळीच्या आसपास उरकलेली असावी. एप्रिल-मेमध्ये हा विषय काढू नये, कारण तेव्हा सगळी माणसे पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईवर असतात आणि आपला अर्ज त्याच ढिगात जाऊन पुन्हा ‘निकाली’ निघण्याची शक्यता दाट असते.