पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर बापाचं नातं सुटतं का?

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी सहा वर्षांची आहे, दोन वर्षं झाली मी तिला घेऊन कराडला माहेरी राहते. आता आम्ही म्युच्युअलने घटस्फोट घेतोय. नवरा म्हणतो पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून देतो की मुलीवर माझा काही हक्क नाही, भेटायला येणार नाही, फक्त तू तिची पोटगी मागायची नाहीस. नोटरी पण बघून ठेवलाय त्याने. दादा म्हणतो सही कर आणि मोकळी हो. मलाही रोज फोनवर भांडून वीट आलाय. असं केलं तर कायद्याने नातं खरंच संपतं का? उद्या मी दुसरं लग्न केलं तर तो आडवा येणार नाही ना? — एक आई, कराड

उत्तर : ताई, सही करू नका. आधी एवढं सांगते, मग बाकीचं.

मी बाप नाही असं लिहून दिलं आणि बापपण संपलं, अशी सोयच आपल्या कायद्यात नाहीये. लाल शिक्का बघून आपल्याला वाटतं कागद पक्का झाला, पण नोटरी फक्त सही कोणी केली ते बघतो, आतला मजकूर कोर्टात टिकेल की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. आणि पोटगीचं म्हणाल तर मुलीच्या खर्चाचे पैसे तुमचे नाहीतच, तिचे आहेत, मग जे तिचं आहे ते तुम्ही कसं सोडणार? पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं, त्याखाली तिच्या वतीने नंतरही अर्ज करता येतो. पण तेव्हा तो हाच कागद पुढे करणार, मग तारखा, वकिलाची फी, आणि तेवढ्यात मुलगी चौथीत गेलेली असते. बापाकडच्या वडिलोपार्जित जमिनीत तिचा जन्माने हक्क आहे, तोही असल्या कागदाने जात नाही.

मग नातं कायद्याने तुटतं कधी? दत्तक दिल्यावर. तुम्ही पुढे लग्न केलंत आणि त्या माणसाने मुलीला मनापासून आपलं म्हटलं तर तो तिला दत्तक घेऊ शकतो, पण त्यासाठी जन्मदात्या बापाची संमती लागते, आणि ती त्या वेळी रीतसर फॉर्मवर द्यायची असते, आजचा स्टॅम्प पेपर तिथे चालत नाही. २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे तुम्ही आणि नव्या नवऱ्याने 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवर नोंदणी करायची, आणि ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल तर तो मिटेपर्यंत गाडी पुढे जात नाही. म्हणून म्हणते, ताब्याचं आत्ताच घटस्फोटात मिटवून घ्या. आणि झालेलं दत्तक परत फिरवता येत नाही, तेव्हा नवीन लग्नाच्या पहिल्या आनंदात ते उरकू नका, मुलीला त्या घरात रुळू द्या.

दुसरा मार्ग म्हणजे मूल बालकल्याण समितीसमोर सोपवणं, बालन्याय कायदा २०१५ चं कलम ३५. तो तुमच्यासाठी नाही, पण लोक गल्लत करतात म्हणून लिहिते. परिस्थितीपुढे एखाद्या आईचं काहीच चालत नसेल तर तिने बाळाला समितीसमोर न्यायचं, तिथे लिहून द्यायचं, आणि मग फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत बाळ परत मागणाऱ्या आईला कुणी नावं ठेवू नयेत, आणि न मागणारीलाही.

आता तुमचं. त्याला भेटायचं नसेल तर तसं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे घटस्फोटाच्या संमतीच्या अटींत, कोर्टासमोर लिहून घ्या, ताबा तुमच्याकडे, शाळेची फी, दवाखाना, दर महिन्याची रक्कम आणि ती दरवर्षी किती वाढणार, सगळं आकड्यात. मनाने तो येणार नसेल तर आपण ओढून आणू शकत नाही, हे मला कळतं, आणि सहा वर्षांच्या पोरीला ते समजावणं किती जड जात असेल तेही. पण तिच्या वह्या-पुस्तकांचे पैसे देण्यातून त्याची सुटका नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर बायकांना कमाई कितीही असो मोफत वकील मिळतो, कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० ला फोन करा. दादाला बरोबर न्या. आणि तो स्टॅम्प पेपर लिहून झाला असेल तर रागाने फाडू नका, फोटो काढून वकिलाला दाखवा, बापाला मुलीचा खर्च टाळायचाय हे त्याने स्वतःच लिहून दिलंय त्यात.