लिंबूटिंबूंची काळजी घेणारी मुलगी

प्रश्न : मिरजेत माझं कापडाचं दुकान आहे. मुलगी बारावी सायन्सला. दहावीत ९१ टक्के होते, अकरावीत ६४ वर आली. दर शनिवारी रात्री मोबाइलवर बीजीएमआय या बंदुकांच्या लढाईच्या गेमच्या स्पर्धा भरवते. स्वतः फारशी खेळतही नाही, नवशिक्यांना सांभाळत बसते. महिन्यापूर्वी एका शनिवारी मोबाइल काढून घेतला, तेव्हापासून बोलत नाही. या जुगाराच्या नादातून सोडवून तिला सीईटीकडे कसं वळवू? नातेवाइकांना काय तोंड दाखवू? पुरावा म्हणून तिनं लिहिलेली नियमावली सोबत पाठवतोय.

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिची नियमावली चारदा.

मुलगी महिनाभर घरात बोलत नाही, हे तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत आणि लगेच सीईटीवर आलात. ६४ टक्के भरून काढता येतात. माझं मन त्या अबोल्यापाशी अडकलं. नातेवाईक काय म्हणतील ते पत्रात आहे, मुलगी काय म्हणाली ते कुठेच नाही. मोबाइल तुम्ही शनिवारी काढून घेतलात. त्या रात्री तिच्या भरवशावर जमलेली मुलं रूम आयडीची, म्हणजे सामन्यात शिरायच्या क्रमांकाची, वाट बघत बसली असतील, आणि ‘आज जमणार नाही’ एवढा निरोपही तिला देता आला नाही. ऐन दिवाळीत, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, तुम्हाला न विचारता कुणी शटर खाली ओढलं तर कसं वाटेल? ती गप्प आहे कारण दिलेला शब्द तिला मोडावा लागला, तोही सगळ्यांसमोर. याबद्दल तुम्ही तिची माफी मागायला हवी. वडिलांनी मुलीची माफी मागितली म्हणून घराची घडी विस्कटत नाही.

आता नियमावलीकडे येते. तुम्ही ती नीट वाचली असेल असं वाटत नाही. या गेममध्ये एका सामन्यात शंभरपर्यंत खेळाडू उतरतात, चौघाचौघांच्या स्क्वॉडमध्ये. सामना साधारण अर्धा तास चालतो. नवखा खेळाडू बहुधा तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच मरतो आणि उरलेला वेळ इतरांचा खेळ बघत बसतो. दोन शनिवार असे गेले की तिसऱ्या शनिवारी तो फिरकत नाही. तुमच्या मुलीनं हे हेरलं. तिच्या स्पर्धेचा पहिला तास टीडीएमचा, म्हणजे टीम डेथमॅचचा असतो. त्यात चार विरुद्ध चार असे लहान सामने होतात, मेलेला खेळाडू लगेच पुन्हा उभा राहतो, आणि हात बसेपर्यंत कुणाला बाहेर बसावं लागत नाही. या तासाचे गुण ती धरत नाही. मोठा सामना त्यानंतर, आणि त्यात प्रत्येक स्क्वॉडमध्ये दोन जुने, दोन नवे. जुन्यांनी आपला कंपू करून यायचं नाही. ‘नूब’ (नवशिक्या) म्हणून हिणवणाऱ्याला एकदा ताकीद, दुसऱ्यांदा रूमबाहेर. आणि माईक सुरू करायची सक्ती कुणालाही नाही. ही शेवटची ओळ तिनं का घातली, ते तिला विचारा. मुलीचा आवाज ऐकला की ऑनलाइन गेममध्ये काय काय बोललं जातं, हे तिनं स्वतः ऐकलेलं असणार.

‘सगळ्यांचं स्वागत आहे’ असं कुणीही लिहितं. या मुलीनं स्वागताची सोय खेळाच्या रचनेतच करून ठेवली. आपण गल्लीत लपंडाव खेळायचो तेव्हा धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करायचो. ते पळायचं, लपायचं, पण त्याच्यावर राज्य येत नसे. दोन उन्हाळ्यांत तेच पोर पक्कं खेळाडू व्हायचं. ती तेच करते आहे, फक्त तिची गल्ली फोनमध्ये आहे. दुकानात पहिल्यांदा आलेल्या बाईला बसायला सांगून, पाणी देऊन, मग साड्या उलगडायच्या, हे तुम्ही रोज करता. हा गुण तिनं कुठून घेतला, ते मला वेगळं सांगायला नको.

जुगाराबद्दल तुमचा मोठा गैरसमज आहे आणि तो अनेक पालकांचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. ‘सरकारनं गेमिंग बंद केलं’ एवढंच घरोघरी पोचलं. कायद्यानं बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर, मग त्यात कौशल्य असो की नशीब. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, त्याच कायद्यानं वेगळी मान्यता दिली. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्ससाठी पदकंही दिली गेली. तुमच्या मुलीच्या स्पर्धेला प्रवेश फी नाही, पैज नाही, हे नियमावलीच्या पहिल्याच ओळीत आहे. ते तसंच राहू द्या. मात्र घरात ‘जुगार’ हा शब्द पुन्हा उच्चारू नका.

तिलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, हा भाग तिला वाचायला द्या. बाळा, बारावीच्या वर्षी दर शनिवारी रात्री जागणं मला पटत नाही. महिन्यातून एकच स्पर्धा ठेव, संध्याकाळी ठेव, आणि जुन्यांपैकी दोघांना तयार कर, म्हणजे तू नसलीस तरी ती चालेल. यजमान नसताना जो कार्यक्रम बंद पडतो, तो अजून कच्चा असतो. दुसरं, तू अजून अठराची नाहीस. अनोळखी मोठ्या माणसांचे खासगी मेसेज, फोटोची मागणी, नंबराची मागणी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी घरात सांग. घरचे रागावतील या भीतीनं लपवू नकोस. (आणि साहेब, तिला ही भीती वाटू नये हे तुमच्या हातात आहे.)

पुढच्या वाटा थोडक्यात. मुंबई आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट ही परीक्षा, किंवा सरळ मानसशास्त्रात बीए. गणित आवडत असेल तर सीईटी द्यावी, पण तिला आवडत असेल तर. कंपन्यांत कम्युनिटी मॅनेजर (खेळाडूंचा समूह सांभाळणारा), मॉडरेटर (गप्पांमध्ये शिस्त राखणारा), स्पर्धा आयोजक अशी कामं असतात. तरी लाखो रुपये फी घेऊन ‘गेमिंग करिअर’ विकणाऱ्या डिप्लोमांच्या वाटेला जाऊ नका. एका गेमवर आयुष्य बांधणं तर अगदीच नको. हाच गेम जुलै २०२२ मध्ये भारतात बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत त्यावर पोट असलेल्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा. बिचकलेल्या माणसाला सामावून घेण्याचं तिचं कसब मात्र शाळेत, दवाखान्यात, कुठल्याही कार्यालयात लागतं. तिनं पदवी त्यासाठी निवडावी.

सीईटीकडे कसं वळवू, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. आधी मोबाइल परत करा. पुढची स्पर्धा ठरली की तिच्याकडे रूम आयडी मागा आणि स्वतः उतरा. तिच्या नियमावलीत कुठे काय समजत नाही, हे तपासायला तिला अगदी कोरा खेळाडू हवाच आहे, आणि तुम्ही कधीच खेळलेला नाहीत. कुठे अडलात, काय कळलं नाही, कशाची लाज वाटली, ते प्रामाणिकपणे सांगा. त्या संध्याकाळी मार्कांचा विषय काढू नका. तिनं तुम्हाला कोणत्या स्क्वॉडमध्ये घातलं, ते मला नक्की कळवा.