टॅपेट गप्प झाले, पण गाडी घाट चढेना

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९८४ सालची पेट्रोल ॲम्बॅसिडर मी आजही वापरतो. इंजिनातून टकटक असा आवाज येत होता, म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडून टॅपेट सेट करून घेतले. आवाज पूर्ण थांबला. परंतु महिनाभरात गाडीची ओढ कमी झाली, मुंबईहून परतताना कसारा घाटात ती दमू लागली आणि आता उभ्या गाडीचे इंजिनही एका लयीत चालत नाही. टॅपेट सेट केल्याने असे होते का? हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : होय, असे होऊ शकते. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून टॅपेट गरजेपेक्षा जास्त आवळले गेले असावेत, असे मला वाटते.

टॅपेट सेट करणे म्हणजे रॉकर आर्म (व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट स्क्रूने ठरवणे. ही थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण इंजिन तापले की हे सगळे भाग प्रसरण पावतात आणि तरीही व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (बैठकीवर) घट्ट बसलाच पाहिजे. फट जास्त असली तर आवाज येतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर बंद होतो आणि थोडी ताकद जाते. फट उरलीच नाही तर मात्र व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते आणि एक्झॉस्ट, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या, व्हॉल्व्हची कड जळू लागते. कारण या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) उतरत असते. हे सारे घडताना आवाज अजिबात येत नाही. म्हणून आवाज थांबेपर्यंत स्क्रू आवळत जाण्याची पद्धत मला अत्यंत घातक वाटते.

मग मुळात आवाज का येत होता? जुन्या इंजिनात रॉकरचे टोक व्हॉल्व्हवर घासून घासून तिथे लहानसा खळगा पडतो. फट मोजण्याच्या फिलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावर आडवी बसते, त्यामुळे पट्टी बरोबर मापाची लागूनही प्रत्यक्ष फट खळग्याच्या खोलीइतकी जास्त राहते. अशा वेळी आवाजावर उपाय स्क्रूमध्ये नसतो; रॉकर उतरवून त्याचे तोंड जाणकाराकडून घासून घ्यावे किंवा रॉकर बदलावा. रॉकरची शाफ्ट झिजली असली तरीही असाच आवाज येतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळते. जुन्या हेडमधल्या मऊ सीटला शिशाचे संरक्षण होते. ते गेल्यापासून एक्झॉस्ट सीट हळूहळू खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते.

काम घरी निश्चित करता येईल. इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. चारही प्लग काढले म्हणजे इंजिन हँडलने सहज फिरते. आपल्या १४८९ सीसी इंजिनात आठ व्हॉल्व्ह आहेत. रेडिएटरकडून मोजल्यास १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट, बाकीचे इनलेट, म्हणजे हवा-इंधन आत घेणारे. येथे नऊच्या बेरजेचा हिशेब चालतो : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करावा, सहावा दाबला की तिसरा, चौथा दाबला की पाचवा, आणि याच रीतीने पुढे. या जातीच्या इंजिनांत सामान्यतः ०.०१५ इंच, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत पंधरा थाऊ, अर्थात सुमारे ०.३८ मिलिमीटर फट ठेवतात. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच धरावा, आणि माप गरम इंजिनाचे आहे की थंड, हेही तिथेच पाहावे. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट कसताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हर खाचेत धरूनच नट कसावा आणि पट्टी पुन्हा घालून पाहावी. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. हेडचे बोल्ट कसायचे असतील तर ते आधी कसावेत, कारण त्याने फट बदलते.

फट योग्य केल्यावर कम्प्रेशन तपासून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचे कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह जळलेला असण्याची शक्यता अधिक. तसे निघाल्यास हेड उतरवावेच लागेल; मग व्हॉल्व्ह आणि सीटबरोबर झिजलेल्या रॉकरचे कामही त्याच वेळी उरकून घ्यावे. तोपर्यंत गाडी शहरातच, आणि तीही थोडीच चालवावी. कसाऱ्याचा किंवा वणीच्या गडाचा चढ तिला चढायला लावू नये.